न पाहिलेल्या धान्याची चाळणी

लग्न होऊन मी जालन्यात आले तेव्हा सासऱ्यांचा कारखाना जुन्या औद्योगिक वसाहतीत होता. अजूनही तिथंच आहे. कारखाना म्हणजे पत्र्याचं एक लांबट शेड, आत दोन प्रेस, एक लेथ आणि दारात कडुनिंब. तिथं बियाण्याच्या चाळण्या होतात. पेरायचं बी बियाणे कंपनीत येतं तेव्हा त्यात फुटके दाणे, माती, काडीकचरा सगळंच असतं. ते एका मोठ्या हलत्या यंत्रातून जातं, आणि यंत्राच्या पोटात भोकं पाडलेल्या ज्या पत्र्यांवर ते नाचत नाचत निवडलं जातं, ते पत्रे आम्ही करतो. कापसाला वेगळं भोक, मक्याला वेगळं, भेंडीला आणखी वेगळं. सासऱ्यांना मी मामा म्हणते. मामा तळहातावर चार दाणे घेऊन, डोळे अर्धवट मिटून भोकाचं माप सांगायचे आणि ते बरोबर निघायचं.

दुपारी डबा घेऊन मी तिकडं जायची. तीनच्या पुढं ऊन तिरपं व्हायचं, मागच्या खिडकीतून आत शिरायचं आणि भिंतीला टेकवलेल्या चाळण्यांतून गाळून फरशीवर पडायचं. हजारो उजेडाचे ठिपके. पंखा फिरला की चाळण्या किंचित हलायच्या आणि फरशी पाण्यासारखी हलायची. मी त्या ठिपक्यांतून चालत जायची तेव्हा माझ्या साडीवर, हातातल्या डब्यावर, चपलांवर ते चढायचे नि उतरायचे. कधी कधी मला वाटायचं, आपण चालतच नाही आहोत, उजेडच आपल्याला पलीकडे नेऊन ठेवतोय.

मग काही वर्षांत कामं कमी झाली. मोठ्या बियाणे कंपन्यांनी नवी यंत्रं घेतली आणि त्या यंत्रांबरोबर चाळण्याही बाहेरूनच यायला लागल्या. मामा याबद्दल घरात काही बोलत नसत. नवरा बँकेत, सकाळी अंबडला जायचा तो दिवेलागणीला यायचा. कारखान्यात उरले मामा आणि त्यांच्याबरोबर तरुणपणापासून काम करणारे एक मिस्त्री. त्यांना आम्ही सगळे चाचा म्हणतो. दोघंही म्हातारे झालेले. एक प्रेस झाकून ठेवली होती. डबा खाऊन झाला की दोघं कडुनिंबाखाली खुर्च्या टाकून बसत, आणि आत उजेडाचे ठिपके कुणी न तुडवता एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत सरकत जात.

लग्नाआधी, बी.कॉम. झाल्यावर, मी नोकरीधंद्याच्या माणसांसाठी असलेल्या एका सोशल साइटवर खातं काढलं होतं. तिथं लोक आपलं शिक्षण, हुद्दा, अनुभव लिहितात, एकमेकांच्या ओळखी जोडतात. मी तेव्हा लिहिलं होतं, ‘संधीच्या शोधात’. संधी काही आली नाही, लग्न झालं, आणि ते खातं तसंच राहिलं. एके दिवशी सहज उघडलं तर माझा जुना फोटो माझ्याकडे बघत होता. दोन वेण्या घातलेली, थोडी घाबरलेली मुलगी. इतकी वर्षं ती तिथं एकटीच बसून कुणाची तरी वाट बघत होती असं वाटलं. मला तिची दया आली.

त्या दिवसापासून मी तिथं कारखान्याविषयी लिहायला लागले. पहिल्यांदा इतरांचं बघून बघून लिहिलं. लोक तिथं फार मोठ्या इंग्रजीत लिहायचे, सगळ्यांना सारखा आनंद होत असायचा, सगळे कुठलं तरी शिखर गाठत असायचे. मीही तसंच लिहिलं, की दर्जेदार चाळण्यांचे अग्रगण्य उत्पादक म्हणून आपल्यासमोर येताना आम्हाला अत्यानंद होत आहे. खाली चाळणीचा पांढऱ्या कापडावर ठेवून काढलेला फोटो. आठ दिवसांत एक उत्तर आलं, तेही मार्केटिंगचा क्लास चालवणाऱ्या माणसाचं. त्यानं माझं अभिनंदन केलं होतं आणि क्लासची फी कळवली होती.

हुद्द्याच्या जागी काय लिहावं हेही कळत नव्हतं. मी मामांना विचारलं, “मामा, मी कारखान्यात कोण आहे म्हणून लिहू?”

ते चहा पीत होते. म्हणाले, “चाळण्या करते, असं लिही.”

“पण मी कुठं करते?”

“मंग शिक,” ते म्हणाले आणि बशी खाली ठेवली.

त्यांनी चेष्टा केली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले तेव्हा चाचांनी दुसऱ्या प्रेसवरची ताडपत्री काढून ठेवली होती. मला उंची पुरेना म्हणून पायाखाली लाकडाची फळी ठेवली होती. चाचा म्हणाले, “बेटा, हात जल्दी नको करू. पत्रा एक घर पुढं सरकव, थांब, मंग पाय दाब. प्रेसला ऐकू येऊ दे तुझं.”

प्रेसवर पोलादी पिनांची एक ओळ असते. पाय दाबला की ती ओळ खाली येते, पत्र्यातून आरपार जाते आणि वर येते. मग पत्रा एक घर पुढं. पहिल्या दिवशी माझ्या ओळी वाकड्या आल्या. तिसऱ्या आठवड्यात सरळ आल्या. त्यानंतर कधी तरी, एका दुपारी, पत्रा सरकवणं, थांबणं आणि पाय दाबणं याची अशी लय लागली की मी काय करतेय हे विसरूनच गेले. गुंगी यावी तसं झालं. भोकांतून खाली पडणाऱ्या पत्र्याच्या बारीक टिकल्यांचा आवाज येत राहिला. भानावर आले तेव्हा समोर पूर्ण पत्रा भरला होता आणि चाचा तो उजेडाकडे धरून बघत होते. “बराबर,” ते एवढंच म्हणाले. चाचांच्या तोंडून ‘बराबर’ ऐकायला मामांनाही महिना महिना थांबावं लागायचं.

मग मी हुद्द्याच्या जागी लिहिलं, ‘चाळण्या करते’. आणि त्याच दिवशी फरशीवरच्या ठिपक्यांचा फोटो टाकला. खाली मराठीत चार ओळी लिहिल्या, तेच साध्या इंग्रजीत लिहिलं. लिहिलं की हे भेंडीचं ऊन आहे, कारण ही चाळणी भेंडीच्या बियांची. उद्या मक्याचं ऊन दाखवीन.

संध्याकाळी बघितलं तर लोक जमले होते. कुणी बियाणं तपासणारे, कुणी यंत्रं बनवणारे, कुणी कृषी महाविद्यालयात शिकवणारे. राजूरच्या बाजूच्या एका शेतकरी गटातल्या बाईनं विचारलं होतं की हरभऱ्याचं ऊन कसं पडतं. मी दुसऱ्या दिवशी हरभऱ्याची चाळणी उन्हात धरली. मला कुणी शिकवलं नव्हतं, पण हळूहळू कळत गेलं की इथं आपली बढाई कुणाला नको असते. चाळणी कशाची, भोक किती, कुणाला उपयोगाची, एवढं नीट सांगावं आणि विचारलेल्याला त्याच दिवशी उत्तर द्यावं. जुन्या बियाणे कंपनीतून निवृत्त झालेल्या एका साहेबांनी लिहिलं की तुमच्या सासऱ्यांनी केलेली चाळणी मी बारा हंगाम वापरली आहे. ते मी मामांना वाचून दाखवलं. त्यांनी परत वाचायला लावलं. मग विचारलं, “हे सगळ्यांना दिसतं का?”

“सगळ्यांना दिसतं.”

“असं,” ते म्हणाले, आणि शर्टाचं वरचं बटण लावून घेतलं.

लहानसहान कामं यायला लागली. दोन डाळमिलवाल्यांची, एका मसालेवाल्याची. आणि एक दिवस इथिओपियातून एका बाईचा निरोप आला.

ती तिथल्या डोंगराळ भागात शेतकऱ्यांचं धान्य साफ करून देणारं एक छोटं केंद्र चालवायची. तिनं लिहिलं होतं की आमच्याकडे टेफ नावाचं धान्य पिकतं. त्याची भाकरी हे आमचं रोजचं जेवण. पण त्याचा दाणा इतका बारीक असतो की हातातून सांडला तर परत सापडत नाही. मळणी मातीच्या खळ्यावर होते, त्यामुळं त्यात रेती येते, आणि दाणा वर राहून रेती तेवढी खाली पडेल अशी चाळणी आम्हाला मिळत नाही. तारेची विणलेली जाळी लावली तर ती हंगामभरही टिकत नाही. शेवटी लिहिलं होतं, तुमचं ऊन मी पाहिलं. आमच्या टेफचं ऊन तुम्ही करू शकाल का?

मी ते कारखान्यात दोघांना वाचून दाखवलं. 

“खसखशीएवढा दाणा?” मामांनी विचारलं.

“ती म्हणते खसखशीहून थोडा बारीकच.”

मामांनी तळहात पुढं केला आणि अर्धवट डोळे मिटले. हातात काहीच नव्हतं. न पाहिलेला दाणा ते हातावर घेऊन बघत होते. बराच वेळ बसले तसे. मग म्हणाले, “भोक अर्ध्या मिलिमीटरचं लागंल. आपण आजवर एकाच्या खाली गेलो न्हाई.”

चाचांनी डोकं हलवलं. “नाही होणार. पिन सुईसारखी होईल. वाकेल.”

पण करून बघायचं ठरलं. त्या बाईनं दाण्याचे फोटो पाठवले, मोजपट्टीशेजारी ठेवलेले. आम्ही घरातली खसखस आणि राजगिरा समोर ठेवला. चाचांनी लेथवर बारीक पिना घडवल्या, इतक्या बारीक की त्यांच्याकडे बघताना मला श्वास रोखून धरावासा वाटायचा. अगदी पातळ पत्रा आणला. मामांनी पहिला दाब स्वतः दिला. विसातल्या सात पिना मोडल्या. आवाजसुद्धा फार झाला नाही, दातात शेंगदाणा फुटावा तेवढाच. दुसऱ्या वेळी नऊ मोडल्या. महिनाभर असंच चाललं. त्या दिवसांत मला स्वप्नात एक खळं दिसायचं. तिथं कुणीच नसायचं, फक्त वारा असायचा आणि हवेत काही तरी चमकत असायचं, धूळ की दाणे हे कळायचं नाही. मी ओंजळ धरायची आणि ती रिकामीच राहायची.

शेवटी मामा म्हणाले, “कळवून टाक त्या बाईला. जमत न्हाई म्हणावं.”

मी तिला कळवलं. आणि साइटवरही लिहिलं. मोडलेल्या पिना एका वाटीत गोळा करून ठेवल्या होत्या, त्या वाटीचा फोटो टाकला. लिहिलं की एका दूरच्या धान्यासाठी आम्ही महिनाभर खटपट केली, आम्हाला जमलं नाही, आणि पिना कुठं मोडतात हे सविस्तर लिहिलं.

मामांना ते एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडून कळलं. ते घरी आले, पाय धुतले आणि जेवायला बसलेच नाहीत.

“आपली हार चार लोकांत सांगतात का?” त्यांनी विचारलं. आवाज चढवला नव्हता. “चाळीस वर्षं मी गिऱ्हाइकाला न्हाई म्हणलो न्हाई. आता साऱ्या दुनियेला दिसून राह्यलं की म्हाताऱ्याला जमंना.”

मी म्हणाले, “मामा, जमलं नाही हे खरं आहे. जमल्याचं लिहिलेलं सगळेच वाचतात. मला वाटलं, न जमल्याचं कारण कुणाला तरी ठाऊक असेल.”

 दोन दिवस आमच्यात फक्त कामापुरतं बोलणं झालं. मी ते काढून टाकायचं ठरवलं होतं. फोन हातात घेतला तेव्हा खाली एक लांबलचक उत्तर येऊन पडलेलं दिसलं. कोइमतूरचे एक वयस्कर गृहस्थ होते, आयुष्यभर साचे आणि पंच, म्हणजे भोकं पाडायच्या पिना, बनवलेले. त्यांनी लिहिलं होतं, बाई, तुमच्या पिना कमजोर नाहीत, एकट्या आहेत. त्यांना आधार द्या. बोलायचं असेल तर फोन करा.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यातून फोन लावला, चित्र दिसेल असा. पलीकडे पांढऱ्याशुभ्र केसांचे एक आजोबा, मागं तुळशीचं रोप. त्यांची हिंदी तमिळ वळणाची, चाचांची दख्खनी. मी मधे बसले होते, पण पाच मिनिटांत माझी गरज उरली नाही. आजोबांनी एक पेन्सिल घेतली, तिचं मागचं टोक धरलं आणि टेबलावर टेकवून दाबली. पेन्सिल कलली. मग त्यांनी ती अगदी टोकाजवळ, मुठीत धरली आणि दाबली, तेव्हा ती ताठ राहिली.

“गला पकडो,” ते म्हणाले. “इतना ही बाहर. बाकी अंदर.”

चाचांनी फोन जवळ ओढला. “मतलब ऊपर एक और पट्टी? पिन के साथ नीचे तक आने वाली?”

“हाँ. पत्रे को छूने तक साथ आए.”

चाचांनी एक पिन तशीच गळ्याशी धरून बघितली. मग म्हणाले, “साब, ये मेरे को तीस साल पहले कोई बोलता तो.” आणि हसले. मामा मागं उभे होते. त्यांनी पुढं येऊन त्या फोनला दोन्ही हात जोडून नमस्कार केला.

ती पट्टी करायला चाचांना पंधरा दिवस लागले. वीस पिनांना वीस भोकं, प्रत्येक पिन त्यात गळ्यापर्यंत बसलेली. ज्या दिवशी ती लावली त्या दिवशी मामांनी मला प्रेसवर उभं केलं. मी म्हटलं, तुम्ही करा. ते म्हणाले, “तुझा हात हलका हाय. आमचे दोघांचे आता थरथरून राह्यले.”

मी पाय दाबला. पिना खाली गेल्या आणि वर आल्या. मोजल्या, वीसच्या वीस. पत्रा पुढं सरकवला. चाचांनी दर दहा ओळींनी थांबवून भिंगातून बघितलं. तो पत्रा पूर्ण व्हायला दोन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तो खिडकीत धरला. भोकं डोळ्यांना जवळजवळ दिसतच नव्हती, पण ऊन पलीकडे येत होतं. ठिपके नव्हते. फरशीवर एक मऊ, धुक्यासारखा उजेड पडला होता. मामांनी त्यात हात घातला आणि हात उलटासुलटा करून बघितला. आम्ही तिघंही हळू आवाजात बोलायला लागलो होतो, झोपलेलं मूल जवळ असावं तसं.

दोन चाळण्या लाकडी चौकटीत बसवून आम्ही पाठवल्या. त्यांना पोचायला बरेच दिवस लागले. मधे एकदा त्या कुठल्या तरी विमानतळावर अडकल्या आणि मामा रोज सकाळी विचारायचे, “कुठवर गेल्या?” जणू मुलगी सासरी निघाली होती.

मग एका सकाळी व्हिडिओ आला. हिरवट पिवळे डोंगर, खाली पत्र्याची एक खोली, पांढऱ्या ओढण्या घेतलेल्या चार बाया. यंत्र सुरू झालं आणि आमच्या चाळणीवरून तपकिरी, सायीसारखं काही तरी वाहत गेलं. दाणे वेगळे दिसत नव्हते. ओंजळीत घेतल्यावर ते पाण्यासारखं बोटांतून गळत होतं. चाळणीच्या खाली रेतीचा छोटा ढीग झाला होता. ती बाई कॅमेऱ्याकडे बघून काही म्हणाली आणि बाकीच्या तिघी हसल्या. चाचांनी मला व्हिडिओ थांबवायला लावला आणि रेतीच्या ढिगाकडे बोट दाखवलं. “त्याच्यात एक दाना नाही,” ते म्हणाले. “बघ.”

मामांनी तो व्हिडिओ किती वेळा बघितला ते मी मोजलं नाही. स्वतःहून मला म्हणाले, “त्या कोइमतूरच्या साहेबांचं नाव लिही तुझ्या साइटवर. त्यांच्यामुळं झालं म्हणावं. आणि वाटीचा फोटो काढून टाकू नको. राहू दे तिथंच.”

मी तसं लिहिलं. त्यानंतर आलेली बरीचशी कामं बारीक धान्यांचीच आहेत. कुणी राळं पिकवतं, कुणी राजगिरा, कुणी औषधी बिया. मोठ्या कंपन्या परत आल्या नाहीत आणि त्या येतील असंही आता आम्हाला वाटत नाही. दोन्ही प्रेस चालतात. शेजारच्या गल्लीतल्या दोन बाया माझ्याबरोबर काम शिकतायत, आणि चाचा त्यांना सांगतात की हात जल्दी नको. साइटवर उगाच अभिनंदन करणारे, काही तरी विकू बघणारे अजून रोज येतात. त्यांना मी उत्तर देत नाही. बाकीच्यांना देते.

ती इथिओपियातली बाई आणि मी आता अधूनमधून कामाशिवायही लिहितो. एकदा तिनं सांगितलं की आमच्याकडे घड्याळ सूर्य उगवल्यापासून मोजतात. तुम्ही ज्याला सकाळचे नऊ म्हणता, त्याला आम्ही तीन म्हणतो. हे मी मामांना सांगितलं तेव्हा ते कडुनिंबाखाली बसले होते. त्यांनी माझ्याकडून दोन्ही देशांच्या वेळेतला अडीच तासांचा फरक नीट समजून घेतला, बोटांवर हिशेब केला.

“बरोबर हाय त्यांचं,” ते म्हणाले. “दिवस उगवल्यावरच मोजायचा.”

हल्ली साडेअकराच्या सुमाराला ते खुर्चीतूनच आत हाक मारतात. “तिकडं तीन वाजले, च्या टाका.” शिकायला आलेल्या बायांना आधी काही कळायचं नाही. आता त्याही काम थांबवतात, आणि त्यातली एक स्टोव्ह पेटवते.